मतमाउलीच्या यात्रेला
(रोजनिशीतील पाने)

मंगळवार, ६ सप्टेंबर. वर्धा

काल महालक्ष्म्या गेल्या. आज मुखवटे पुसून कापडात गुंडाळले, आरास उतरवली, साड्यांच्या घड्या घातल्या. संध्याकाळी समोरच्या काकू आल्या. उभी नोकरी जिल्ह्यातल्या दवाखान्यांत नर्स म्हणून केली, निवृत्तीनंतर इथेच घर बांधलं. माहेर मात्र श्रीरामपूरकडचं, आणि बोलण्यातला नगरी ठसका अजून गेलेला नाही.

"शनिवार-रविवार हरेगावची यात्रा आहे. करोनापायी दोन वर्षं जाणं झालं नाही. यंदा जाणार म्हणजे जाणार. पोराला सुट्टी नाही. तू येतीस का?"

"मला चालेल नं पण तिथे?"

"यात्रा आहे ती. यात्रेत कोण कुणाला विचारतं?"

मतमाउली म्हणजे येशूची आई मारिया. तिच्या जन्मदिवसाच्या, ८ सप्टेंबरच्या, आसपासच्या शनिवार-रविवारी हरेगावला यात्रा भरते, एवढं काकूंच्या तोंडून बरेचदा ऐकलं होतं.

वर्ध्यात वाढलेल्या माणसाला येशू अगदी परका नसतो. सेवाग्रामची सर्वधर्म प्रार्थना कानावरून गेलेली असते. जपानी बौद्ध मंत्रानं सुरुवात, मग उपनिषद, एकादश व्रतं, कुराणातल्या आयती, पारशी प्रार्थना. पवनारला विनोबांचं 'ख्रिस्तधर्म-सार' चाळलेलं असतं. मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचं काम उभं करणारे जे. सी. कुमारप्पा श्रद्धेनं ख्रिस्ती. बेचाळीसच्या लढ्यात जबलपूरच्या तुरुंगात असताना त्यांनी येशूच्या शिकवणुकीवर पुस्तक लिहिलं. राजकुमारी अमृत कौरही ख्रिस्ती घरातल्या. म्हणजे ओळख आहे, पण सगळी आश्रमाच्या अंगणातली. तिथे प्रत्येक धर्माच्या वाट्याला दोन-चार मिनिटं येतात, आणि त्यातलं वेचक तेवढंच आपल्यापुढे येतं. नवस, धक्काबुक्की, हरवलेली पोरं, मेणाचे डाग हे त्यात कुठून येणार? गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदच्या दर्ग्याला मी गेले आहे, घोराडला केजाजी महाराजांच्या देवळात गेले आहे. चर्चच्या यात्रेला कधीच नाही.

"तिकीट काढा माझंही," म्हटलं.

गुरुवार, ८ सप्टेंबर. वर्धा

आज मारियेचा वाढदिवस. काकूंनी संध्याकाळी प्रार्थनेला बोलावलं. ३० ऑगस्टपासून कालपर्यंत त्यांचा नोव्हेना चालला होता, नऊ दिवसांची प्रार्थना. आज सणाचा दिवस म्हणून शेवयांची खीर.

भिंतीवर निळ्या शालीतल्या मारियेची तसबीर, खाली मेणबत्ती, बाजूला जास्वंदीची दोन फुलं. काकूंनी माळ काढली. दहा-दहा मण्यांचे पाच भाग, मधे एकेक सुटा मणी. प्रत्येक भागाला येशूच्या आणि त्याच्या आईच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात धरायचा आणि मण्यागणिक तीच प्रार्थना म्हणायची. बोट पुढे सरकतं, ओठ आपोआप हलतात, आणि मन त्या प्रसंगावर ठेवायचं. "ते मनाचं तेवढं अवघड," काकू म्हणाल्या. "निम्म्या वेळा माझं मन गॅसवरच्या दुधाशी असतं."

मग त्यांनी यात्रेची हकीकत सांगितली. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं, प्रवरेचे कालवे निघाले, कोरडवाहू मुलखात ऊस आला. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना, साहेबांचे बंगले, मळे आणि मळ्यांवर राबणारी माणसं. नगर जिल्ह्यात जेझुइट फादर त्याआधीच आले होते, आधी जर्मन, पहिल्या महायुद्धानंतर स्विस. त्यांच्यातल्या फादर बाडर यांनी १९४९ साली हरेगावला मतमाउलीची यात्रा सुरू केली.

"फादरनं बरोबर ओळखलं होतं," काकू म्हणाल्या. "आपल्या माणसाला यात्रा पाहिजे. धर्म बदलला म्हणून चालणारे पाय बदलत नाहीत."

काकूंच्या आईच्या तरुणपणी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये असायची. फादर वेदीकडे तोंड करून म्हणायचे, लोक मागे आपापली माळ ओढत बसायचे. १९६२ ते ६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद झाली आणि जगभरच्या चर्चमध्ये लोकांची भाषा आली. हरेगावात मराठी आली. "आईला आधी ते बरंच वाटलं नाही. म्हणायची, सगळं कळायला लागल्यावर देवाचं काय राहिलं?"

शुक्रवार, ९ सप्टेंबर. गाडीत

दुपारची महाराष्ट्र एक्स्प्रेस. गोंदियाहून निघून कोल्हापूरला जाणारी ही गाडी म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राची ओसरी. कोण लेकीकडे चाललेलं, कोण पुण्याला नोकरी शोधायला, कोण पंढरपूरसाठी पुढे गाडी बदलणारं. आज अनंत चतुर्दशी. बडनेऱ्यापासून पुढे प्रत्येक गावाशी ढोलांचा आवाज खिडकीतून आत येई आणि गाडीनं वेग घेतला की मागे पडे.

पुलगाव-धामणगावपर्यंत आपलंच रान. काळी माती, पऱ्हाटी, सोयाबीन, मधे तुरीच्या ओळी. यंदा जुलैत नद्यांनी पुष्कळ शेतं खरडून नेली, त्याच्या खुणा अजून दिसतात. काकूंनी डबा उघडला: भाकरी, वांग्याची भाजी, तिळाची चटणी. समोरच्या बाईंनी विचारलं, "कुठे जाऊन राहिल्या?" काकू म्हणाल्या, "माहेरी, यात्रेला." "कोणत्या देवाची?" "मतमाउलीची." बाईंनी मान डोलावली आणि गाठोड्यातून चिवडा पुढे केला. पुढचा प्रश्न चिवडा तिखट आहे का, हा होता.

मनमाडला पाचसहा बाया आणि दोन म्हातारे चढले. सतरंज्या, पाण्याचे कॅन, एकीच्या पिशवीतून मेणबत्त्यांचा पुडा डोकावत होता. काकूंनी नुसतं बघितलं आणि विचारलं, "हरेगाव?" मग डब्यात जागा झाली, ओळखी निघाल्या, कुणाची वहिनी काकूंच्या वर्गात निघाली.

मध्यरात्र उलटल्यावर उतरलो. स्टेशनावर पाटी बेलापूरची, गाव श्रीरामपूर. काकूंचे धाकटे भाऊ मोटारसायकल घेऊन उभे होते. बहिणीच्या पाया पडले. मला म्हणाले, "या ताई, विदर्भातून पहिल्यांदाच आमच्याकडे कुणी आलं यात्रेला."

शनिवार, १० सप्टेंबर. हरेगाव

सकाळी आठला निघालो. रस्त्यानं पायी जाणारी माणसं एका मागोमाग. पुढे पताका, मधे कुणाच्या हातात लाकडी क्रूस, बाया डोक्यावर पदर घेऊन गात चाललेल्या. टाळ आहेत, ढोलकी आहे. शब्द नीट ऐकू येईपर्यंत ही दिंडी कुणाची, हे सांगता येऊ नये. पोरांच्या पायांत चपला नाहीत. नवस म्हणून की सवय म्हणून, विचारलं नाही.

गावाच्या तोंडाशी कंपनीच्या खुणा आहेत. कारखाना केव्हाच बंद पडला. कमाल जमीनधारणेच्या कायद्यानंतर मळ्यांची जमीन शेती महामंडळाकडे गेली, आणि कंपनीला खंडानं जमीन देऊन बसलेल्या शेतकऱ्यांनी ती परत मिळावी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या झगडा केला. मामा (काकूंच्या भावाला मी आता मामाच म्हणू लागले आहे) आणखी एक गोष्ट सांगत होते. डिसेंबर १९३९ मध्ये याच हरेगावात महार-मांग वतनदारांची परिषद भरली होती आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यासाठी आले होते. गावकीच्या कामातून आणि वतनाच्या जोखडातून सुटण्यासाठीची परिषद. "आमचे आजोबा त्या सभेला होते असं घरात सांगतात. त्यांच्या गळ्यात क्रूसही होता." वर्धा-नागपूरकडे आमच्या आजूबाजूच्या अनेक घरांचा इतिहास १९५६ च्या दीक्षाभूमीपासून सांगितला जातो. इथल्या घरांनी त्याआधीच दुसरी वाट धरली होती, आणि तरी भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहेच. मामांच्या बैठकीत तो येशूच्या तसबिरीशेजारी लावलेला आहे.

संत तेरेजाच्या नावाचं चर्च, पुढे मोठं मोकळं पटांगण, मंडप. आदल्या पावसानं चिखल झालेला, त्यावर उसाचं पाचट टाकलेलं. बाहेर यात्रेत असावं ते सगळं: पाळणे, रेवड्या, शेव-फरसाण, बांगड्या, पिपाण्या, प्लास्टिकचे मोबाइल. त्यातच क्रूस, माळा, संतांच्या तसबिरी. एका टेबलावर 'निरोप्या'चे अंक. १९०३ साली सुरू झालेलं हे मासिक अजून निघतं, हे मला इथे येऊन कळलं. मराठी वाङ्‌मयाच्या इतिहासात फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' तेवढं वाचलं होतं. १६१६ मध्ये छापलेलं, ओव्यांतलं. परीक्षेपुरतं ते गोव्याचं आणि जुन्या काळाचं म्हणून सोडून दिलं होतं. त्याची वंशावळ इथे वीस रुपयांना मिळते.

दर्शनाची रांग लांब होती. माझ्यापुढे एक बाई, कपाळाला ठसठशीत कुंकू, दोन्ही हातांत हिरवा चुडा, कडेवर दीड-दोन वर्षांचं पोर. वैजापूरकडच्या. पोर झालं तर मतमाउलीला पोराच्या उंचीची मेणबत्ती लावीन, असं बोलल्या होत्या. "करोनात यात्रा नव्हती, तोवर हा वाढला. आता मेणबत्तीही मोठी घ्यावी लागली." नवऱ्याच्या खांद्यावर ती कागदात गुंडाळलेली मेणबत्ती होती. घरचं दैवत खंडोबा. "हितं आईचं मागणं असतं म्हणून हितं."

मेणबत्त्या लावायच्या जागी दोन पोरं सतत कामाला. पत्र्याच्या लांब कढईसारख्या तबकांत वाळू आणि वाळूत मेणबत्त्या. एक पेटली की पाचव्या मिनिटाला शेजारची वाकते, मेण वाळूत सांडतं, नव्या मेणबत्तीला जागा उरत नाही. मग पोरं खुरप्यानं अर्धवट जळालेल्या मेणबत्त्या उपटतात, विझवतात, पोत्यात टाकतात. आपली मेणबत्ती अशी उपटली गेली तर वाईट वाटायला हवं, पण कुणालाच वाटत नाही. लावली तेव्हाच ती पोचली. त्या कुंकवाच्या बाईंची उंच मेणबत्ती पोरांनी कोपऱ्यात रोवून दिली आणि तिच्याभोवतीची चार काढून टाकली.

दुपारी चर्चच्या बाजूच्या झाडांखाली वेगळंच दृश्य. प्लास्टिकच्या खुर्च्या अंतरा-अंतरावर मांडलेल्या, प्रत्येकीवर एकेक फादर, गळ्यात जांभळी पट्टी. समोर रांगा. माणूस जवळ जातो, गुडघे टेकतो किंवा वाकून उभा राहतो, फादर कान पुढे करतात. रांगेतला पुढचा माणूस आपण होऊन चार पावलं मागे उभा. काही मिनिटांनी फादर हात वर करतात, माणूस उठतो, बाजूला जाऊन भिंतीशी डोळे मिटून उभा राहतो. पापनिवेदन. यात्रेच्या भोंग्यांत, पिपाण्यांत, पोरांच्या रडण्यात एवढीच जागा हळू आवाजाची. एक दांडगा, पिळदार मिशांचा गडी उठला तेव्हा शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत होता, आणि बायको लांबून त्याच्याकडे अजिबात न बघण्याचं काम करत होती.

काकू रांगेत होत्या. परत आल्यावर मी काही विचारलं नाही. त्याच म्हणाल्या, "उद्या भाकर घ्यायची तर आज इथं यावं लागतं."

रात्री मंडपात भजनं. पेटी, ढोलकी, टाळ. चाली ओळखीच्या, काही तर आमच्या गावच्या सप्ताहातल्या. विषय कालवरीचा डोंगर, बेथलेहेमचा गोठा. एक म्हातारे बुवा कीर्तनाला उभे राहिले आणि कानाच्या लग्नातला प्रसंग असा रंगवला, की पाहुण्यांना द्राक्षारस पुरला नाही म्हणताना मंडपातल्या झाडून साऱ्या बायांनी चुकचुक केलं. यजमानाची फजिती होणार, हे सगळ्यात आधी मारियेच्या लक्षात आलं. "बाईमाणसाच्याच लक्षात येणार," बुवा म्हणाले, आणि हशा पिकला. बाराच्या पुढे पावसाची सर आली. सतरंज्या मधे सरकल्या, अनोळखी बायांच्या कुशीत पोरं झोपली. मीही भिंतीला टेकून डोळा लावला.

रविवार, ११ सप्टेंबर. हरेगाव

सकाळी मुख्य मिस्सा. नाशिकचे बिशप, सोबत पांढऱ्या झग्यांतले पुष्कळ फादर. नाशिक धर्मप्रांत १९८७ मध्ये पुण्यापासून वेगळा झाला. नगर जिल्हा त्यात येतो. पटांगण भरलं होतं. ऊन निघालं, पाचट वाळू लागलं.

बायबलमधली वाचनं, प्रवचन, विनंत्या. विनंत्यांत पाऊसपाणी होतं, आजारी होते, करोनात गेलेले होते. त्यांची नावं वाचली नाहीत. क्षणभर थांबले, आणि ज्यानं त्यानं आपापलं नाव मनात घेतलं. काकूंनी डोळे पुसले. त्यांच्या वॉर्डातल्या दोघी सहकारी करोनाच्या लाटेत गेल्या, हे मला ठाऊक होतं. मग भाकर आणि द्राक्षारस वेदीवर. घंटा वाजली आणि एवढं पटांगण एकदम गुडघ्यांवर आलं.

त्यानंतर रांगा. फादर पटांगणभर पांगले, प्रत्येकापुढे एक रांग. माणूस पुढे होतो, फादर पांढरी पातळ भाकर दाखवतात, दोन शब्द बोलतात, माणूस 'आमेन' म्हणतो आणि घेतो.

काकूंनी काल रात्रीच सांगून ठेवलं होतं, "ते प्रसादासारखं नाही बरं का. बाप्तिस्मा झालेल्यानंच घ्यायचं." त्यामुळे मी बसून राहिले. काल दिवसभर एकेक गोष्ट ओळखीची निघत होती, ही दिंडी आपली, हा नवस आपला, ही चाल आपल्या सप्ताहातली, आणि मला त्याचा आनंद होत होता. इथे ती यादी संपली. त्यांच्या श्रद्धेनं ती भाकर म्हणजे ख्रिस्ताचं शरीर आहे. माझ्या श्रद्धेत त्याला जागा नाही. हे मधलं अंतर खरं आहे, आणि ते राखलं म्हणून माझा काही अपमान झाला नाही. उलट सगळ्या यात्रेचा गाभा कुठे आहे, ते त्या अंतरामुळेच दिसलं. मेणबत्ती कुणीही लावावी, रेवड्या कुणीही घ्याव्या, कीर्तनात कुणीही बसावं. पण हे लोक ज्यासाठी चालत आले ते हे आहे.

बसून राहिलेली मी एकटीही नव्हते. वैजापूरच्या बाई पोराला पाजत बसल्या होत्या. आणि कालचा मिशीवाला गडी रांगेत असताना त्याची बायको माझ्या शेजारी बसलेली. मी बघितलं तर म्हणाली, "मी काल झाडाखाली गेले नाही. जावेशी बोलत नाही चार महिने. ते मिटवल्याबिगर कसं घ्यायचं?" नियम परक्यालाच लागू आहे असं नाही, तो घरच्यांनाही बसवून ठेवतो.

जेवताना मामांच्या पुतण्याशी बोलणं झालं. श्रीरामपुरात शिकतो, स्पर्धा परीक्षांची तयारी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती अजून बाहेर. "गावात आमची जात सगळ्यांना पाठ आहे ताई. फक्त दाखल्यावर लिहिता येत नाही." तो हे तक्रारीच्या सुरात बोलत नव्हता. उत्तरपत्रिकेतला मुद्दा सांगावा तसं वर्ष-वर्ष मांडत होता. मी विचारलं, मग यात्रेला का येतोस? तो माझ्याकडे बघतच राहिला. "आजी यायची, आई येते, मी येतो. याचा त्याच्याशी काय संबंध?"

सोमवार, १२ सप्टेंबर. वर्धा

पहाटे अंधारात गाडीत बसलो, संध्याकाळी वर्धा. काकूंच्या पायांना सूज, माझ्या साडीच्या काठाला मेणाचे डाग. टीपकागद ठेवून इस्त्री फिरवली की मेण निघतं, हे काकूंचं ज्ञान.

वाटेत सेवाग्रामच्या प्रार्थनेचं मनात घोळत होतं. त्या प्रार्थनेला मी कमी लेखत नाही. वेगवेगळ्या धर्मांची माणसं एका ओळीत बसावीत, हे ज्या काळात त्यांनी केलं त्या काळात मोठं धाडस होतं, आजही आहे. पण ती शेजाऱ्यांनी एकत्र जमायची जागा आहे. शेजाऱ्याच्या घरी जाणं त्यानं होत नाही, ते वेगळं करावं लागतं. आणि गेल्यावर त्याच्या घरात एक खोली अशी असते जिथे आपण जायचं नसतं. ती आहे म्हणूनच ते त्याचं घर.

रेवड्यांचा पुडा घेऊन शेजारच्या वहिनींकडे गेले. त्यांनी दोन तोंडात टाकल्या आणि पहिला प्रश्न केला, "आपल्याला चालते का जी तिथे?"

"चालते. फक्त भाकर वाटतात तेव्हा आपण बसून राहायचं."

"काहून?"

"ती त्यांची आहे."

वहिनींनी थोडा विचार केला. "बरोबर आहे. आमच्या कुळाचारालाही आम्ही घरचेच बसतो." मग पुडा बांधून ठेवत म्हणाल्या, "पुढच्या वर्षी सांगजा. माझ्या सुनेसाठी बोलायचं आहे एकदा. मेणबत्ती इथूनच न्यायची की तिकडे भेटते?"

"तिकडे भेटते," मी म्हटलं. "तिकीट मात्र आधी काढावं लागेल."